अंधारात ध्यानाला बसल्यावर दिसणारा निळा ठिपका, जाळी आणि चेहरे: प्रगती, भास की डोळ्यांचा दोष?

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचा सारांश देते. विचारणारे पिंपरीचे, वय ३४, आयटीत नोकरी, चष्म्याचा नंबर उणे सहा. गेले अडीच-तीन महिने रात्री साडेदहाला बेडरूमच्या खिडकीला काळा कागद लावून पाऊण तास बसतात. आधी दहा मिनिटं समईच्या ज्योतीवर त्राटक, म्हणजे एकटक बघणं, मग समई मालवून अंधारात ध्यान. दिवा जाताच भुवयांच्या मध्ये निळा-जांभळा ठिपका दिसतो. पुढे धूर हलल्यासारखं काहीतरी, मग जाळी, कधी आत ओढून नेणारा बोगदा, आणि शेवटी शेवटी अनोळखी माणसांचे चेहरे, इतके स्पष्ट की एकदा ते दचकून उठलेच. एका व्हिडिओतले महाराज सांगतात की हे भुवयांमधलं आज्ञाचक्र उघडल्याचं लक्षण आहे आणि अंधारात मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून डीएमटी नावाचं भास घडवणारं द्रव्य सुटतं. मेहुणे म्हणतात, मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि यांच्या मनात असं की दिवाळीत बायको मुलीला घेऊन माहेरी गेली की फ्लॅट बंद करून सलग तीन दिवस अंधारात बसायचं.

तुम्ही विचारलंय, ‘हे खरं की भास?’ मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. दिसतंय ते दिसतंयच, त्याबद्दल वाद नाही. त्याला किती भाव द्यायचा हे ठरत नाहीये, आणि दोन्ही बाजूंनी कोणीतरी आयतं उत्तर घेऊन उभं आहे. माझं मत आधी सांगून टाकते: तुम्ही लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं निरोगी डोळ्यांना आणि निरोगी मेंदूला अंधारात दिसतंच. ते प्रगतीचं प्रशस्तिपत्र नाही आणि रोगाचं लक्षणही नाही. तरी तुमचा नंबर बघता डोळे एकदा तपासून घ्या, मेहुण्यांचं तेवढं ऐका. आणि एकट्याने तीन दिवस अजिबात नको.

मी डॉक्टर नाही. नाशिकला वीसेक वर्षं योग आणि ध्यान शिकवते. अंधारात बसण्याची सवय मला इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या पॅगोडातल्या शून्यागारांत लागली. एका माणसापुरती कोठडी, दार लावलं की जवळजवळ मिट्ट. तिथे जे काही दिसतं त्याच्या मागे न जाता शरीरावरच्या संवेदनांकडे परत यायला शिकवतात, आणि पुढे मी जे सांगणार आहे त्याचा बराचसा पाया तोच आहे.

आता डोळ्यांपासून सुरुवात करू. पूर्ण अंधार आपल्याला कधी काळाकुट्ट दिसत नाही. नीट बघितलंत तर तो करडा असतो आणि त्यात बारीक रवाळ खळबळ चालू असते, जुन्या टीव्हीवर चॅनल गेल्यावर मुंग्या यायच्या तशी. कारण असं की डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेडात काम करणाऱ्या रॉड पेशी कमालीच्या तरल असतात. १९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी प्रयोगाने दाखवलं की या पेशींनी प्रकाशाचे जेमतेम ५ ते १४ कण टिपले तरी माणसाला चमकारा जाणवतो. इतकी तरल यंत्रणा शांत बसत नाही. पेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य शरीराच्या नुसत्या उबेनेही अधूनमधून आपोआप बदलतं आणि मेंदूकडे ‘उजेड आला’ अशी खोटी वर्दी जाते. शिवाय अंधाराला डोळा पूर्ण सरावायला अर्धा तास, कधी चाळीस मिनिटंही लागतात. म्हणजे तुमच्या पाऊण तासातला मोठा भाग डोळा अजून जुळवूनच घेत असतो, आणि त्या काळात दृश्य बदलत जाणारच.

वाचून पटणार नाही म्हणून एक करून बघा. पंधरा-वीस मिनिटं मिट्ट अंधारात बसल्यावर डोळे उघडा आणि स्वतःचा हात चेहऱ्यासमोर सावकाश डावी-उजवीकडे हलवा. बऱ्याच जणांना हाताची सावली सरकताना चक्क दिसते. आता बायकोला सांगा, तिचा हात तसाच तुमच्या तोंडासमोर हलवायला. काही दिसणार नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे रीतसर तपासलं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत साधारण निम्म्या लोकांना उजेडाचा लवलेश नसताना स्वतःचा हात हलताना दिसला. आपला हात कुठे आहे हे मेंदूला स्नायूंकडून कळत असतं, आणि जे माहीत आहे ते तो दाखवून टाकतो. माझ्या वर्गात नव्या लोकांकडून मी पहिल्याच दिवशी हे करून घेते. त्यानंतर ‘मला दिसलं म्हणजे समोर काहीतरी होतं’ हा हट्ट निम्मा तरी सुटतो.

तुमच्या निळ्या ठिपक्याबद्दल मला फारशी शंका नाही: तो समईचा ठसा आहे. दहा मिनिटं पिवळ्या-नारिंगी ज्योतीकडे टक लावलीत की पडद्याचा तेवढा भाग दमतो, आणि ज्योत गेल्यावर तिथे उलट्या रंगाचा डाग राहतो. पिवळ्या-नारिंगीच्या उलट म्हणजे निळा-जांभळा. तो भुवयांच्या मध्येच का? तर तुम्ही ज्योतीकडे नजरेच्या ऐन मध्यातून बघत होतात, म्हणून ठसाही नजरेच्या मध्यावर उमटला. मग डोळे मिटून लक्ष भ्रूमध्यात नेलंत की बुबुळं नकळत वर आणि आत वळतात, ठसाही त्यांच्याबरोबर तिथे जाऊन बसतो. ताळा सोपा आहे. एखाद्या संध्याकाळी समईकडे नुसती मिनिटभर टक लावा आणि मग दिव्याचा उजेड असतानाच आधी जवळच्या, मग लांबच्या भिंतीकडे बघा. लांबच्या भिंतीवर ठिपका मोठा दिसेल. हा नियम एमर्ट नावाच्या स्विस डॉक्टरने १८८१ सालीच नोंदवून ठेवला आहे. याहून सोपं म्हणजे आठवडाभर त्राटक बंद ठेवा आणि थेट अंधारात बसा. ठिपका आला नाही तर प्रश्न मिटला. तरीही आला, रोज नाही पण अधूनमधून, तर पुढचं वाचा.

जाळी आणि बोगदा ही तुमच्या एकट्याची मालमत्ता नाही. हाइनरिश क्ल्यूव्हर या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मेस्कलिन हे भास घडवणारं द्रव्य घेतल्यावर काय दिसतं याचा अभ्यास केला. त्याच्या लक्षात आलं की सगळं फिरून फिरून चारच प्रकारांत येतं: जाळी किंवा मधाच्या पोळ्याची नक्षी, कोळिष्टक, बोगदा आणि वेटोळं. अंधार, ताप, अर्धशिशी, झोपेची झापड, डोळ्यावर दाब, कारण कुठलंही असो, याच चार आकृत्या परत परत येतात. १९७९ मध्ये अर्मेंट्राउट आणि कोवन यांनी याचं गणित मांडलं. पडद्यावरचं चित्र मेंदूच्या दृष्टीच्या भागावर जसंच्या तसं उमटत नाही, मधला भाग ताणून आणि कडेचा आवळून मांडला जातो. बाहेरून काही येत नसताना मेंदूच्या त्या भागात आपोआप सरळ पट्ट्यांसारखी हालचाल उठली, तर आपल्याला ती वर्तुळं, वेटोळी, बोगदा अशी दिसते. चक्रांची चित्रं काढणाऱ्या कुणा जुन्या साधकाने हेच पाहिलं असेल का, असा विचार माझ्या मनात येतो, पण तो विचारच, त्यापुढे मी जात नाही.

चेहरे हा झोपेच्या उंबरठ्यावरचा प्रकार आहे. जाग आणि झोप यांच्या सांध्यावर चेहरे, रस्ते, कधी हाक मारल्याचा आवाज, हे बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतं, फक्त अंथरुणात आपण लगेच झोपून जातो आणि विसरतो. पाठ ताठ ठेवून बसलेला माणूस त्या सांध्यावर जास्त वेळ रेंगाळतो. तुम्ही दिवसभर स्क्रीनसमोर बसून रात्री साडेदहाला जेवून ध्यानाला बसता, आणि चेहरे शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत येतात असं तुम्हीच लिहिलंय. पंधरा दिवस पहाटे साडेपाचला, झोप पुरी झाल्यावर बसून बघा. चेहरे बहुधा विरळ होतील. आलेच तर त्या क्षणाआधीचा विचार आठवून बघा. तो मध्येच तुटलेला, असंबद्ध असेल तर झोप लागत होती असं समजा.

अंधार लांबला की हे सगळ्यांनाच होतं याचा चांगला पुरावा बॉस्टनमधल्या एका प्रयोगाचा आहे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला. नजर उत्तम असलेल्या १३ जणांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधली. त्यातल्या १० जणांना काही ना काही दिसलं: कुणाला नुसते ठिपके आणि चमकारे, कुणाला इमारती, निसर्गदृश्यं, चेहरे. हा ध्यानाचा प्रयोग नव्हता, मंत्र नव्हता, गुरू नव्हते. मेंदूचा दृष्टीचा भाग उपाशी राहिला की स्वतःच स्वयंपाक करायला लागतो.

थोडं विषयांतर, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. ज्यांची नजर मोतीबिंदूने किंवा पडद्याच्या आजाराने खूप कमी झाली आहे अशा म्हाताऱ्या माणसांना दिवसाउजेडीही नक्षी, फुलं, माणसं, कधी ठेंगणी टोपीवाली माणसं दिसतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. आजी म्हणाली की कोपऱ्यात कोणीतरी बसलंय, तर लगेच डोकं फिरलं किंवा बाहेरची बाधा झाली असं धरू नका. शांतपणे विचारा, बोलतात का ती माणसं? फक्त दिसतात, बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे आजीला कळतं, असं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

आता परंपरेकडे येते, कारण तुम्ही महाराजांचा दाखला दिलाय. आपल्या परंपरेला हे सगळं ठाऊक होतं, आणि आजच्या व्हिडिओंपेक्षा जास्त सावधपणे ठाऊक होतं. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योग्याला आधी काय दिसतं याची यादी आहे: धुकं, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक, चंद्र. तिबेटी बौद्धांच्या कालचक्र साधनेत अंधाऱ्या खोलीत करायचा रात्रियोग आहे, त्यातली चिन्हं धूर, मृगजळ, काजवे आणि दिवा अशी. पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य बुद्धघोष श्वासावरच्या ध्यानात दिसणाऱ्या निमित्ताबद्दल, म्हणजे मनासमोर उभ्या राहणाऱ्या खुणेबद्दल, सांगतात की कुणाला ते ताऱ्यासारखं दिसतं, कुणाला मोत्यांच्या घोसासारखं, कुणाला धुराच्या लोटासारखं, पसरलेल्या कोळिष्टकासारखं, ढगाच्या पापुद्र्यासारखं, कमळ, रथाचं चाक, चंद्रबिंब, सूर्यबिंब. तुमचा धूर आणि तुमची जाळी दोन्ही या याद्यांत आहेत. बुद्धघोष पुढे कारणही देतात, आणि ते मला फार आवडतं: निमित्त एकच असून ते वेगवेगळं दिसतं, कारण प्रत्येकाची संज्ञा, म्हणजे ओळखण्याची रीत, वेगळी.

निळ्याचं म्हणाल तर मराठी साधकाला तो रंग नवा नाही. ज्ञानदेवांच्या नावावरच्या योगपर अभंगांत स्थूल देह लाल, सूक्ष्म पांढरा, कारण काळासावळा आणि महाकारण निळा असा क्रम येतो. गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांनी तर नीलबिंदूच्या दर्शनाला आपल्या साधनेत फार वरचं स्थान दिलं. म्हणून निळा ठिपका दिसला की आपल्याकडचा माणूस चटकन हुरळतो. ते महापुरुष ज्याबद्दल बोलत होते ते आणि समईचा ठसा एकच, असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण दहा मिनिटांच्या त्राटकानंतर दिसणारा ठिपका तो नव्हे, इतकं मी ठामपणे सांगेन.

आणि पतंजली. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात दिव्य श्रवण, दिव्य दर्शन वगैरे सांगून झाल्यावर पुढच्याच सूत्रात ते म्हणतात, ‘ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः’. बाहेर वावरणाऱ्याला या सिद्धी वाटतात, समाधीत मात्र ते अडथळे. व्हिडिओत हे सूत्र क्वचितच ऐकू येतं, कारण अडथळ्यांची शिबिरं भरत नाहीत.

मग जे दिसतं त्याचं करायचं काय? इथे थोडं परिस्थितीवर आहे. तुमची साधना श्वासावरची असेल तर दिसू द्या, आणि श्वासाकडे परत या. हाकलायच्या भानगडीत पडू नका, हाकलायला गेलात की सगळं लक्ष तिथेच जातं. नामस्मरणाची सवय असेल तर नाम चालू ठेवा. निमित्तावर चित्त स्थिर करण्याची एखादी पद्धत कुणा गुरूंकडे बसून शिकत असाल तर त्यांचं ऐका, माझं नव्हे, कारण तिथे प्रकाश स्थिर झाल्यावर त्याचा उपयोग करतात, आणि तो कधी करायचा हे समोर बसून बघणाऱ्यालाच कळतं. तुम्ही असं कुणाकडे जात असल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून पहिलाच मार्ग धरा. बसून उठल्यावर मी दोन गोष्टी बघायला सांगते: किती वेळा भरकटलो आणि परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्यांवर किती वेळा खेकसलो. दिसलेल्या रंगांची वही मी कुणाला ठेवू देत नाही.

आमच्या वर्गात एक नियम आहे. अंधारातली बैठक संपल्यावर त्या संध्याकाळी कोणी काय दिसलं ते बोलायचं नाही. हा नियम येण्याचं कारण गमतीचं आहे. एका तुकडीत एक बाई पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, ‘मला निळं कमळ दिसलं.’ दुसऱ्या आठवड्यात निम्म्या वर्गाला कमळ दिसायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात एका काकांना काहीच दिसेना म्हणून ते इतके हिरमुसले की वर्ग सोडायच्या गोष्टी करू लागले, आणि सगळ्यांत शांत बसायचे ते तेच. अंधारातल्या करड्या खळबळीत जे शोधाल ते सापडतं. तुमच्या बाबतीत व्हिडिओ आधी आणि ठिपक्याचा अर्थ नंतर आला, की उलट, हे आठवून बघा.

बसण्याच्या पद्धतीत काही बदल सुचवते. खोली अंधारी केली म्हणता, पण राउटरचा हिरवा दिवा, डासांच्या मशीनचा लाल दिवा, एसीचे आकडे आणि दाराखालची फट यांकडे बघितलंय का? अंधाराला सरावलेल्या डोळ्याला डासांच्या मशीनचा दिवा छत दिसण्याइतका पुरतो. असा अर्धवट उजेड सर्वांत वाईट, कारण खुंटीवरचा शर्ट माणूस होतो. दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा, दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवा. नाहीतर सरळ मंद उजेडात बसा, ध्यानाचं काही अडत नाही. झोप येत असेल तर अंधारात डोळे उघडे ठेवून बसा, अधूनमधून पापण्या मिटत. शांभवी मुद्रेतही नजर बाहेर उघडी आणि लक्ष आत असंच सांगितलं आहे, आणि तिबेटी लोकही अंधारात बहुधा डोळे उघडेच ठेवतात. भीती वाटलीच तर दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, खोलीतल्या चार वस्तूंची नावं मनात घ्या, तरी जात नसेल तर दिवा लावा. दिवा लावल्याने साधना मोडत नाही.

एक कडक सूचना. बोटांनी कान, डोळे, नाक बंद करण्याची षण्मुखी मुद्रा काही जण बुबुळांवर दाब देऊन करतात, कारण दाबलं की लखलखाट होतो. तो दाबाचा लखलखाट आहे. उणे सहा नंबर म्हणजे तुमच्या डोळ्याचा गोळा लांबट आणि पडदा ताणलेला, त्यावर दाब देणं धोक्याचं. काचबिंदू असणाऱ्यांनीही तसं करू नये. बोटं पापणीच्या कडेला नुसती टेकवायची असतात.

डॉक्टरकडे जाण्याबद्दल. ध्यानातला प्रकाश दोन्ही डोळ्यांचा मिळून, मधोमध किंवा सगळीकडे पसरलेला असतो, आणि उठून दिवा लावला की जातो. एकाच डोळ्याच्या कडेला विजेसारखी रेघ चमकत असेल, विशेषतः नजर वळवताना, किंवा अचानक काळे ठिपके-धागे वाढले असतील, किंवा नजरेवर एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. पडदा फाटण्याची किंवा सुटण्याची ती लक्षणं असू शकतात आणि मोठ्या उणे नंबरवाल्यांना तो धोका जास्त. आमच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक ‘उजव्या बाजूला तेज दिसतं’ म्हणून खूश होते. मी त्यांना एकेक डोळा झाकून बघायला लावलं. तेज फक्त उजव्या डोळ्यात होतं. तपासणीत पडद्याला चीर निघाली, लेझरने ती शिवली, नजर वाचली. तुम्हीही एकेक डोळा झाकून बघा, आणि काही नसलं तरी बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासणारी तपासणी एकदा करून घ्या. दातेरी झळाळणारी रेघ हळूहळू मोठी होत वीस-तीस मिनिटांत विरत असेल आणि मागून डोकं दुखत असेल, तर ती अर्धशिशीची असू शकते, तेही सांगा.

पिनियलचं थोडक्यात आटोपते. ती ग्रंथी रात्री मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक सोडते, पण शरीराच्या घड्याळाबरहुकूम. उजेडाने ते दबतं हे खरं, पण म्हणून भरदुपारी खोली बंद करून बसलात की ते वाढेल असं होत नाही. डीएमटी उंदरांच्या पिनियलमध्ये सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. माणूस अंधारात बसला की ते इतकं वाढतं की दृश्यं दिसावीत, याला पुरावा नाही. आणि दृश्यं दिसायला त्याची गरजही नाही, हे वरच्या पट्टीच्या प्रयोगावरून दिसतंच.

राहिला तीन दिवसांचा बेत. तिबेटी बौद्ध आणि तिथल्याच बोन परंपरेत ४९ दिवसांपर्यंतचा अंधारवास आहे, हे तुम्ही वाचलं असेलच. अमेरिकन फुटबॉलपटू आरन रॉजर्स २०२३ मध्ये ओरेगनमधल्या अशा एका ठिकाणी काही दिवस राहून आला, तेव्हापासून या प्रकाराचा बोलबाला झाला. पण मूळ परंपरेत आधी बरीच वर्षं साधना झालेली असते, बाहेर जेवण देणारा माणूस असतो, आणि गुरू येऊन बोलून जातात. बंद फ्लॅटमध्ये एकटा माणूस ही फार वेगळी गोष्ट. अंधारात पहिलं कोसळतं ते वेळेचं भान. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्टच चालू होता, आणि त्याच्याकडे टॉर्च तरी होता. वेळ गेली की झोप विस्कटते, झोप विस्कटली की दृश्यं वाढतात, आणि एकटेपणात ती खरी वाटायला लागतात. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांत कुणाला मोठा मानसिक आजार झाला असेल, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, किंवा फिट्स येत असतील, तर लांब अंधारवास पूर्ण वर्ज्य समजा. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तरीही. तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवते.

एवढं होऊनही ओढ वाटतच असेल तर बायको घरी असताना एक रात्र आणि एक दिवस करून बघा, शनिवारी संध्याकाळपासून रविवारी अंधार पडेपर्यंत. तेही पंधरा दिवस पहाटेच्या बैठका आणि डोळ्यांची तपासणी झाल्यावर. खोलीला लागून बाथरूम असू द्या, वाटेतलं सामान, पायपुसणी आणि वायरी उचलून ठेवा, गॅस आणि मेणबत्तीला हात लावू नका. जेवण हाताने खाता येईल असं, दशम्या, केळी, गुळशेंगदाणे. दाराला आतून कडी नको. बायकोने दर तीन-चार तासांनी दारावर टकटक करून ‘ठीक का?’ एवढंच विचारायचं आणि तुम्ही उत्तर द्यायचं. कुणी हाक मारत नसताना सतत आवाज यायला लागले, छाती धडधडायची थांबेना, किंवा ‘हे फक्त मलाच कळलंय’ असं काही ठामपणे वाटायला लागलं, तर तिथेच थांबायचं आणि उजेडात यायचं. संपवताना ट्यूबलाइट एकदम लावू नका. आधी दुसऱ्या खोलीतला मंद दिवा, अर्धा तास तेवढ्यात बसा, मग बाकीचे. मोबाइल सकाळपर्यंत नको. आणि त्या रात्री बाइक काढू नका.